ठिपक्यांची केशरी लिली पहिल्या वर्षी फुलली, दुसऱ्या वर्षी का नाही? विदर्भातल्या घरच्या बागेसाठी तपासणीचा क्रम

"भाऊ, पयल्या साली तं मस्त फुलली होती. औंदा नुसता पाला येऊन रायला, फूल काऊन नाही?"

माघ लागला की आमच्या रोपवाटिकेत हा प्रश्न सुरू होतो. कोणी मोबाइलवर मागच्या वर्षीच्या फुलाचा फोटो दाखवतं, कोणी पिशवीत लिलीचा सडलेला कांदाच घेऊन येतं. फूल तेच: केशरी पाकळ्या, त्यावर गडद ठिपके, बाजारातलं नाव टायगर लिली. आणि बहुतेकांचं तोवर एखादं खत, एखादं बुरशीनाशक आणि एखादं टॉनिक टाकून झालेलं असतं.

खत-औषधाने हा दोष सहसा जात नाही. ही लिली मूळची चीन, जपान, कोरियाकडची, जिथे हिवाळा कडक असतो आणि कांदा थंड जमिनीत झोपून राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, त्यापाठोपाठ चार महिने ओल धरून बसणारी काळी माती, आणि थंडी म्हणाल तर रात्री १० अंशांच्या आसपास उतरते ती काही आठवडेच, दिवसा पुन्हा ऊब. दुकानातला कांदा शीतगृहातून थंडी खाऊन आलेला असतो, म्हणून पहिल्या वर्षी तो फुलतो. पुढच्या वर्षीची थंडी आपल्याला द्यावी लागते, आणि त्याआधी कांदा पावसाळ्यातून जिवंत बाहेर काढावा लागतो. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

आधी लक्षणं नीट बघा

कोंब आला, पानं हिरवीगार, पण शेंड्याला कळीच नाही: थंडी कमी पडली, कांदा लहान राहिला किंवा मागच्या वर्षी दांडा लवकर कापला गेला.

कोंबच वर आला नाही, उकरलं तर कांदा मऊ, तपकिरी आणि आंबूस वासाचा: कुज. विदर्भात हे सगळ्यांत जास्त दिसतं.

खालची पानं पिवळी पडत पडत पिवळेपणा वर चढतोय: मुळांशी पाणी साचतंय. उलट जुनी पानं ठीक, पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता. संत्र्याच्या बागा असलेल्यांना हे रूप ओळखीचं असेल. कारणही तेच, चुनखडीची जमीन.

पानांची टोकं आणि कडा करपल्यासारख्या: खारं पाणी किंवा दुपारचं ऊन.

कळ्या धरल्या, पण उमलायच्या आधीच सुकून गळाल्या: ऊन वाढलं किंवा ऐन कळीत पाण्याचा ताण पडला.

पानांवर लांबट फिकट पट्टे, फूल वेडंवाकडं, झाड वर्षागणिक खुजं: विषाणू.

आणि जागेवर नुसता खड्डा, कांदा गायब: जनावर.

एका झाडात दोन लक्षणं एकत्र दिसू शकतात. तसं असेल तर कुजीची तपासणी आधी करा, कारण बाकीच्या दोषांकडे बघायला थोडा उशीर चालतो, कुजीला चालत नाही.

पहिली तपासणी: हे झाड नक्की आहे कोणतं?

याला पैसा लागत नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच सुटतात. "ठिपक्यांची केशरी लिली" म्हणून आपल्या भागात किमान तीन वेगळी झाडं विकली जातात, आणि सगळ्यांची निगा सारखी नाही.

खरी टायगर लिली: एकच सरळ दांडा, जांभळट-काळपट, त्यावर पांढरी बारीक लव. पानं अरुंद, दांड्याभोवती सगळीकडून आलेली. फूल खाली मान घातलेलं, पाकळ्या पार मागे वळलेल्या. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे पान जिथे दांड्याला चिकटतं त्या बेचक्यातले काळे चकचकीत मणी. हे मणी म्हणजे बाळकांदे. शास्त्रीय नाव लिलियम लान्सिफोलियम. जुन्या याद्यांत लिलियम टायग्रिनम लिहिलेलं सापडेल, झाड तेच.

एशियाटिक संकर: दांडा तसाच, पण फूल बहुधा आकाशाकडे तोंड केलेलं आणि बेचक्यात मणी सहसा नाहीत. ऑनलाइन पाकिटात टायगर लिली म्हणून बहुतेक वेळा हीच येते. निगा साधारण खऱ्या टायगर लिलीसारखीच, म्हणून खालची सगळी तपासणी हिलाही लागू.

लेपर्ड लिली: ही लिली नाहीच, आयरिसच्या घराण्यातली आहे. पूर्वी बेलामकांडा म्हणत, २००५ साली तिला आयरिस डोमेस्टिका हे नाव मिळालं. पानं तलवारीसारखी चपटी, एकाच प्रतलात पंख्यासारखी पसरलेली. फूल लहान, केशरी, लाल ठिपक्यांचं, एका दिवसाचं. कोमेजलं की पाकळ्या पिळून दोरीसारख्या होतात. फळ तडकलं की आत काळ्या मण्यांचा घोस दिसतो. खाली कांदा नसतो, आडवा गड्डा असतो. हिला थंडीची गरज नाही, आपला उन्हाळा ती सहज काढते आणि पावसाळ्यात फुलते. लेपर्ड लिली फुलत नसेल तर जवळपास नेहमी दोनच कारणं असतात, गड्डा फार खोल गेलाय किंवा झाड सावलीत आहे. वर आणून उन्हात लावा, मग पुढचं वाचायची गरज नाही. बियाण्यापासून केलेलं रोप असेल तर बहुधा दुसऱ्या वर्षी फूल धरतं, तेवढं थांबा.

एक इशारा इथेच देतो. रानातून किंवा कुणाच्या कुंपणावरून "केशरी लिली" म्हणून गड्डा आणला असेल आणि पानांची टोकं दोरासारखी वळून आधाराला गुंडाळत असतील, तर ती कळलावी आहे. पाकळ्या नागमोडी, पिवळ्या-लाल, ठिपके नाहीत. तिचे सगळे भाग विषारी, गड्डा सर्वांत जास्त. लहान मुलं किंवा गुरं फिरतात तिथे ती ठेवू नका, आणि हात लागला तर साबणाने धुवा.

दुसरी: मागच्या वर्षी दांडा कधी कापला?

फूल सुकलं की झाड ओंगळ दिसतं, म्हणून लोक दांडा बुडापासून छाटतात. होळीच्या आधी अंगण सारवताना, लग्नाच्या तयारीत, कधी शेळीच येऊन खाऊन जाते. पण फूल गेल्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत हीच पानं पुढच्या वर्षाचा कांदा भरतात. पानं गेली की कांदा लहान होतो, आणि लहान कांद्याला पानं येतात, कळी येत नाही.

फक्त सुकलेलं फूल खुडा. दांडा पूर्ण पिवळा होऊन ओढल्यावर सहज निघेपर्यंत त्याला हात लावू नका. यंदा नुसता पाला आला असेल तर तोही जपा, तीच पुढच्या वर्षाची कमाई आहे. फूलदाणीसाठी कापायचं असेल तर दांड्याचा वरचा तिसरा हिस्साच कापा.

बेचक्यातल्या मण्यांपासून रोप केलं असेल तर फुलाची वाट तिसऱ्या वर्षापर्यंत बघावी लागते. ते झाड आजारी नसतं, लहान असतं.

तिसरी: बोट मातीत घाला

सकाळी, पाणी द्यायच्या आधी, दोन पेरं बोट मातीत घाला. माती बोटाला चिकटली तर पाणी देऊ नका. काळी माती वरून कोरडी, भेगाळलेली दिसते आणि खाली ओली असते. वरचा थर बघून पाणी देणं हे आपल्याकडे कांदा मरायचं फार मोठं कारण आहे. मी तर म्हणेन की या झाडाला तहानेने मेलेलं क्वचित बघितलंय.

ऐन वाढीत आणि कळीत, म्हणजे साधारण मार्गशीर्ष ते फाल्गुन, ओल टिकून हवी. दांडा पिवळा पडायला लागला की पाणी कमी करत आणा. दांडा गेल्यावर फक्त माती पार भुकटी होऊ नये एवढाच शिडकावा. लिलीच्या कांद्यावर आपल्या खायच्या कांद्यासारखं टरफल नसतं, उघडे खवले असतात, त्यामुळे तो पूर्ण कोरडा ठेवलाही चालत नाही.

न्हाणीचं किंवा मोरीचं पाणी झाडाकडे वळवलं असेल तर तो पाट आजच दुसरीकडे काढा. केळीला ते चालतं, अळूला चालतं, लिलीला नाही.

चौथी: कूलरचं पाणी आणि चुलीची राख

ही तपासणी विदर्भाबाहेरच्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही म्हणून थोडी सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांत ओतायची आपल्याकडे पद्धत आहे, पाणी वाया जाऊ नये म्हणून. भावना बरोबर आहे. पण कूलर पाण्याची वाफ करतो, क्षार टाकीतच मागे राहतात. रोज वरून नवं पाणी, रोज थोडे आणखी क्षार. गवताच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो तो हाच. हे पाणी कुंडीत गेलं की क्षार मुळांशी जमतात आणि पानांच्या कडा करपतात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी पूड दिसत असेल तर समजा हेच झालंय. उपाय सोपा: कूलरचं पाणी कडुनिंबाला किंवा सरळ नालीत टाका, आणि कुंडीला एकदा चांगल्या पाण्याने भरपूर आंघोळ घाला, खालच्या छिद्रातून पाणी बराच वेळ वाहू द्या.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांच्या त्या भागात, मूळ विहिरीचं किंवा बोअरचं पाणीच खारं आहे. तिथे जमिनीत लिली लावायचा हट्ट धरू नका. कुंडीत लावा आणि पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी किंवा नळयोजनेचं पाणी द्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मापक स्वस्तात मिळतो. ५०० च्या आत आकडा असेल तर पाणी लिलीला चालतं, हजारावर गेला तर नाही.

राखेचं तसंच. चुलीची राख झाडांना घालणं ही जुनी सवय, आणि आम्लधर्मी जमिनीत तिचा उपयोगही होतो. आपली काळी माती आधीच विम्लधर्मी आहे, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर, चुनखडीचे खडे तर हाताला लागतात. राख सामू आणखी वर नेते, मग मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात. राख बंद करा. पिवळेपणा तरी गेला नाही तर चिलेटेड लोह आणा, पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात करा आणि संध्याकाळी फवारा. साधं फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत टाकून फायदा होत नाही, ते तिथेच अडकतं.

पाचवी: जागा

बाहेरच्या माहितीत "पूर्ण ऊन" लिहिलेलं असतं. ते ऊन थंड देशातलं. आपल्याकडे सकाळचं ऊन दहा-अकरापर्यंत आणि नंतर सावली, एवढं पुरतं. पूर्वेकडची ओसरी किंवा शेवग्याच्या विरळ सावलीची जागा उत्तम. पश्चिमेच्या भिंतीलगत, टिनाच्या पत्र्याखाली किंवा सिमेंटच्या गच्चीवर कुंडी असेल तर फाल्गुनातच कळ्या भाजतात. कुंडी उचलून हलवायला काही खर्च नाही, म्हणून कळ्या गळत असतील तर औषधाआधी हे करा.

मुळं गार ठेवण्यासाठी मातीवर कुटाराचा तीन-चार बोटं जाड थर द्या, दांड्यापासून थोडा लांब. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार घरचंच असतं. पाऊस लागायच्या आधी तो काढून टाका, नाहीतर त्याखाली ओल आणि गोगलगाई दोन्ही मुक्काम करतात.

सहावी: पाणी किती वेळात जिरतं

जमिनीत लावलं असेल तर आता थोडी मेहनत. कांद्यापासून हातभर अंतरावर एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. सहा तासांनी निम्म्याहून जास्त पाणी तसंच असेल तर त्या जागी कांदा पावसाळा काढणार नाही.

ही चाचणी उन्हाळ्यात करू नका. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी भेगेतून धाडकन उतरतं. जागा चांगली आहे असं वाटतं. मृगाचे दोन पाऊस झाले की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच थांबतं. म्हणून चाचणी आषाढात, उघडीप मिळाली की करा. तेव्हाचा निकाल खरा.

नापास झाली तर घमेलं-दोन घमेली रेती मिसळून भागणार नाही. चिकण मातीत थोडी रेती मिसळली की उलट घट्ट थर बनतो. एकतर जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच वाफा बांधा, विटांचा किंवा दगडांचा, खाली मुरमाचा थर देऊन, नाहीतर कुंडी. बुलडाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तिथे उंच वाफा पुरतो. गोंदिया-गडचिरोलीकडे १२०० च्या वर, धानाच्या बांधीसारखी जमीन, तिथे माझा सल्ला सरळ कुंडीचा.

सातवी: कांदा उकरून बघा

कुजीचं लक्षण नसेल तर हे आधी करू नका, कारण उकरताना मुळं तुटतात. वरचं सगळं तपासून झालं, तरी झाड खचतंय किंवा कोंबच नाही, तेव्हाच. योग्य वेळ म्हणजे दांडा वाळल्यानंतर, रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास.

खुरपं नको, हाताने माती बाजूला करा. चांगला कांदा घट्ट, पांढरट, खवले एकमेकांना चिकटून, तळाशी जाड मुळं. आता अंगठ्याने बूड दाबा. बूड म्हणजे खवले जिथे जोडलेले असतात ती चकती. ती घट्ट असेल आणि बाहेरचे दोन-चार खवलेच मऊ असतील तर कांदा वाचतो. चकती तपकिरी, अंगठा आत जातोय, खवले हातात सुटून येताहेत, तर ती बूडकुज आहे. फ्युजेरियम नावाची बुरशी ते करते आणि ती मातीत वर्षानुवर्षं राहते. तो कांदा गेला, पण झाड संपलं असं नाही. वरच्या बाजूचे जे खवले कडक आणि पांढरे आहेत ते एकेक सोडवून घ्या, दमट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशवीत घाला, पिशवीला टाचणीने भोकं पाडा आणि घरातल्या सावलीत ठेवा. दीड-दोन महिन्यांत खवल्याच्या बुडाशी वाटाण्याएवढे कांदे धरतात. फुलायला दोन-तीन वर्षं लागतील.

सडलेला भाग शेणखड्ड्यात टाकू नका, जाळा. त्याच जागी पुन्हा लिली लावू नका. बाहेरून किंचित मऊ झालेल्या कांद्याचे खराब खवले काढा, सावलीत एक दिवस सुकवा आणि नव्या मातीत लावताना ट्रायकोडर्मा मिसळलेलं कुजकं शेणखत वापरा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे. तिच्यासोबत कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक घातलं तर ते ट्रायकोडर्मालाच मारतं; दोन्हीपैकी एकच निवडा.

उकरताना पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. कच्चं शेणखत घातलं की ती हमखास येते. अळ्या वेचून काढा आणि पुढे पूर्ण कुजलेलं, भुरभुरीत, वास नसलेलंच खत वापरा.

कांदा सापडलाच नाही आणि भोवती माती उकरलेली असेल तर रानडुक्कर किंवा साळिंदर. जंगलालगतच्या गावांत कांदा लावतानाच खड्ड्यात कोंबडी-जाळीचा पिंजरा बसवा, कोंब जाळीतून वर येतो. तारेत वीज सोडायचा विचारही करू नका. त्यात माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे.

आठवी: पावसाळ्यात छपराखाली, श्रावणानंतर फ्रिजमध्ये

वरची कारणं नसतील, कांदा घट्ट आणि भरलेला असेल, तरी फक्त पाला येत असेल, तर थंडीच कमी पडते आहे. याला मेहनत आणि चिकाटी लागते म्हणून शेवटी ठेवलंय, पण खात्रीचा इलाज हाच.

मृगाच्या आधी कुंड्या पडवीत, जिथे झडीचं पाणी येणार नाही तिथे हलवा. कोरडी-दमट माती, सावली, हवा. नवतपाच्या दिवसांत कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर आतली माती बरीच गार राहते. पोळा झाला की कांदे काढा. माती झाडा, धुऊ नका. किंचित दमट कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. कोकोपीट मुठीत दाबलं तर थेंब पडायला नको. तापमान ४-५ अंश, मुदत सहा ते आठ आठवडे. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको.

त्याच कप्प्यात सफरचंद, केळी किंवा पिकलेला आंबा ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो तो कांद्यातली कळी आतल्या आत मारतो, मग सगळं बरोबर करूनही फूल येत नाही. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत "खायचं नाही" लिहा. सुटा खवला आणि लसणाची पाकळी दिसायला फार जवळची आहे. घरातल्या सगळ्यांना तोंडी सांगूनही ठेवा, आजींना आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना विशेष.

अधूनमधून पिशवी उघडून बघा. निळसर बुरशी दिसली तर तो कांदा वेगळा काढा, कोकोपीट बदला. दिवाळीच्या सुमारास, रात्री गार व्हायला लागल्या की लावा. एक भाग माती, एक भाग नदीची जाड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कांद्यावर चार ते सहा इंच माती हवी, कारण लिलीला कांद्याच्या वर, दांड्यालाही मुळं फुटतात आणि झाडाचं बरंचसं पोषण त्या मुळांतून होतं. म्हणून कुंडी किमान फूटभर खोल घ्या. उथळ लावलेली लिली कळीच्या वजनाने आडवी होते.

चिखलदऱ्याला ही खटपट कमी लागेल. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या त्या गारव्यात कॉफीसुद्धा होते, आणि निचरा चांगला असेल तर जमिनीतल्या कांद्यालाही पुन्हा फुलायची संधी बरी आहे. तिथल्यांनी आधी एक वर्ष फ्रिजशिवाय करून बघावं.

फ्रिजची जागा नसेल किंवा वीज भरवशाची नसेल, तर लेपर्ड लिली लावा. केशरी रंग तोच, ठिपके तेच, आणि ती आपल्या मातीत रमते. मला स्वतःला गावाकडच्या अंगणासाठी तीच जास्त शहाणपणाची वाटते.

नववी: विषाणू

फिकट पट्टे, मुरडलेली पानं, दरवर्षी लहान होत जाणारं झाड. यावर औषध नाही. मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि टायगर लिलीचा घोळ असा की ती स्वतः निरोगी दिसत असतानाही विषाणू बाळगू शकते. म्हणून महागडे रंगीत संकर लावले असतील तर त्यांच्यापासून हिला लांब ठेवा. लक्षणं दिसणारं झाड कांद्यासकट उपटून जाळा. त्याचे मणी किंवा खवलेही घेऊ नका, विषाणू त्यांतूनही पुढे जातो. उरलेल्या झाडांवरच्या माव्यासाठी निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारा. दुकानदार "विषाणूचं औषध" म्हणून काही देऊ करत असेल तर घेऊ नका.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

जागा बदलून, माती बदलून, नवे कांदे लावूनही दुसऱ्या हंगामात पुन्हा बूडकुज आली, तर औषधं बदलत बसू नका. आजारी कांदा मातीसकट कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये नको, तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. तिथे रोग ओळखून देतात, ट्रायकोडर्माही बहुतेक ठिकाणी मिळतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही उद्यानविद्या आणि वनस्पतीरोगशास्त्राचे विभाग आहेत.

खारपाण पट्ट्यात जमीन सुधारायची असेल तर जिप्सम टाकण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. जिप्सम सोडियमच्या जमिनीवर चालतं, नुसत्या खाऱ्या जमिनीवर नाही, आणि मात्रा अहवालावरूनच ठरते. नमुना कसा घ्यायचा ते गावचे सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) सांगतील.

साळिंदर-डुकरांचा त्रास जाळीनेही थांबत नसेल तर वनविभागाला कळवा.

घरात मांजर असेल तर खरी लिली लावायच्या आधी दहादा विचार करा. पान, फूल, परागकण, फूलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. मांजराने पान चावलेलं दिसलं, अंगावरचा केशरी पराग चाटलेला दिसला, तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. एका दिवसाने नेलं तर बहुधा उशीर झालेला असतो. आणि मुलाने किंवा मोठ्याने कळलावीचा गड्डा, किंवा कोणता ते माहीत नसलेला कांदा खाल्ला असेल, तर घरी उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. उरलेला तुकडा आणि पान पिशवीत घ्या, १०८ ला फोन करा आणि थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. डॉक्टरांना तो तुकडा दाखवला की उपचार लवकर ठरतो.